पूर्ण हजेरीच्या नऊ ढाली

माझ्या धाकट्या जावेचा फोटो आमच्या कंपनीत तळमजल्यावर लिफ्टशेजारी लागला, चांगला दाराएवढा. त्याच कंपनीत माझी चोवीस वर्षं झाली आणि माझा फोटो आजवर फक्त माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर आहे, तोही डोळे अर्धवट मिटलेला. तिच्या फोटोत ती पांढऱ्या कोटात उभी आहे, हातात काचेची नळी आहे, आणि त्या नळीत काय आहे ते फक्त आपल्यालाच माहीत असल्यासारखी ती हसते आहे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘विश्रांतीनंतर नवी भरारी’.

विश्रांती म्हणे. अकरा वर्षांत त्या बाईने दुपारी पाठ टेकलेली मी एकदाही पाहिली नाही. म्हणजे पाहायला मी घरी नव्हतेच, पण रविवारीसुद्धा पाहिली नाही. आणि ती नखं. वाडीत राबणाऱ्या बाईच्या नखांच्या कडा केळीच्या चिकाने काळ्या पडतात, कितीही लिंबू चोळलं तरी जात नाहीत. फोटोत ती नखं गुलाबी आहेत. कुणीतरी कॉम्प्युटरसमोर बसून घासली असणार. एवढं सगळं मला दिसलं, कारण मी तो फोटो रोज बघते. लिफ्ट यायला वेळ लागतो, असं मी स्वतःला सांगते.

मला तिचा हेवा वाटतो. आधी वाटायचा आणि अजून वाटतो. या वयात असं कबूल करायला लाज वाटायला हवी, पण चांगुलपणाचं सोंग आणायचा मला त्याहून जास्त कंटाळा आहे.

आमचं घर वसईजवळ गिरीजला. दोन भाऊ, एक घर, एक चूल. पुढे ओटी, मागे वाडी. वाडीत केळी, नारळ, मोगरा आणि थोडी भाजी. माझा नवरा थोरला, तो बँकेत. धाकटा दीर वाडी बघतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून नोकरी करते. आमची कंपनी मोठी आहे, साबण, शाम्पू, क्रीम असलं सगळं बनवते. कारखाना वसई पूर्वेला, त्याच आवारात ऑफिस, आणि मी तिथे खरेदी विभागात. जाऊ माझ्यानंतर तीन वर्षांनी घरात आली. तिने रसायनशास्त्रात पदवी घेतलेली, गुण माझ्यापेक्षा चांगले, आणि एका लहानशा औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. सकाळी आम्ही दोघी एकदमच डबे भरायचो.

मग सासूबाई विहिरीच्या कट्ट्याशी पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पुन्हा चालणं काही झालं नाही. महिन्याभरात घराची घडी पार विस्कटली. माझी मुलं लहान, तिची मुलगी त्याहून लहान. एक दिवस जेवताना माझा नवरा ताटात बघत म्हणाला, “कोणीतरी एकीनं घरी राह्याला पायजे.”

दोन पुरुष आणि दोन बायका जेवत होतो. एकीने राहायचं हे आधीच ठरलेलं होतं, प्रश्न फक्त कुठल्या एवढाच होता. मला पुढच्या आठवड्यात बढतीची मुलाखत होती. मी काही बोलले नाही. जाऊ म्हणाली, “वयनींची कंपनी मोठी हाय. माझी काय, बारकीशी लॅब. मी राहते.” तेव्हाही मी काही बोलले नाही. मी कालवणातली बोंबलाची मोठी तुकडी उचलून तिच्या ताटात वाढली. एवढीच माझी प्रतिक्रिया. पुढच्या आठवड्यात मला बढती मिळाली.

त्यानंतर घर हळूहळू तिचं होत गेलं. कुणी काही हिसकावून घेतलं असं नाही. मी सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे, आणि मधल्या सगळ्या वेळात ती तिथे होती. डबे कुठे ठेवलेत ते मला तिला विचारावं लागायचं. माझा धाकटा तापाने फणफणला की “काकी” अशी हाक मारायचा. मी शेजारी कपाळावर हात ठेवून बसलेली असायचे आणि तो काकीला बोलवायचा. सासूबाईंना शेवटी शेवटी माणसं ओळखू येईनात. मला त्या “ती ऑफिसवाली” म्हणायच्या. जावेला मात्र नावाने हाक मारायच्या, अगदी आदल्या दिवसापर्यंत. त्या गेल्या त्या रात्री मी रडले, आणि त्यातलं अर्धं रडणं कशाचं होतं ते मला माहीत आहे.

पण ऑफिस माझं होतं. तिथे मला कुणी कुणाशी ताडून बघत नव्हतं. दरवर्षी एकही आगाऊ न कळवलेली रजा न घेणाऱ्या कर्मचाऱ्याला कंपनी पूर्ण हजेरीची ढाल देते. लाकडाची पाटी, तिच्यावर पितळी पत्रा, पत्र्यावर नाव. अशा नऊ ढाली मी मिळवल्या. इतर बायकांची मुलं आजारी पडायची, कामवाल्या दांड्या मारायच्या, सासवा रुसायच्या. त्या सारख्या रजा टाकायच्या आणि मी त्यांच्याकडे जरा वरूनच बघायचे. ज्याला काम करायचं असतं तो कसंही जमवतो, असं मी दोघी-तिघींना तोंडावर म्हटलेलं आहे. ढाली आमच्या ओटीवरच्या काचेच्या कपाटात लावल्या होत्या. त्यांच्यावरची धूळ जाऊ पुसायची.

आणखी एक गोष्ट माझी म्हणून ऑफिसात चालायची, ती म्हणजे सुकेळी. आमच्या वाडीत राजेळी केळी आहेत. पिकली की सोलायची, चटईवर उन्हात मांडायची, संध्याकाळी गोळा करून टोपलीत झाकायची, सकाळी परत मांडायची, मध्ये उलटायची. असं आठवडाभर केल्यावर ती मधासारखी तांबूस होतात. मग केळीच्याच वाळक्या पानात घट्ट गुंडाळून सोपाच्या, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीच्या, दोरीने बांधायची. माझी जाऊ बांधते तेव्हा शेवटी एक गाठ मारते, दोन पेडांची, बाजूला कानासारखं लहानसं टोक ठेवून. ते टोक ओढलं की अख्खी दोरी सुटते, कात्री लागत नाही. तिच्या आईने तिला शिकवलेली गाठ आहे ती. दर थंडीत मी ही पुडकी ऑफिसात न्यायचे आणि वाटायचे. लोक म्हणायचे, मॅडम, तुमच्या हाताला काय चव आहे. मी म्हणायचे, “घरचंच आहे हो.” यात खोटं काही नव्हतं, आणि खरंही फारसं नव्हतं.

दीडेक वर्षापूर्वी आमच्याकडे मनुष्यबळ विभागात एक नवी मुलगी आली. माझ्या मोठ्या मुलापेक्षा थोडीशीच मोठी, हुशार, बोलताना निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी आणि उरलं तर मराठी. तिच्याकडे कामच असं होतं की कंपनीत सगळ्या प्रकारची माणसं यावीत, टिकावीत आणि त्यांना परकं वाटू नये. तिने एक योजना आणली. घरासाठी नोकरी सोडलेल्या बायकांना परत घ्यायचं. सहा महिने शिकाऊ, जमलं तर कायम. तिचं परिपत्रक आमच्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आलं. गुणवत्ता प्रयोगशाळेत दोन जागा होत्या. मी ते वाचलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि बंद केलं. घरी एक शब्द बोलले नाही.

आठ दिवसांनी जावेच्या मुलीने तेच परिपत्रक आईला मोबाइलवर दाखवलं. कॉलेजात कुणीतरी पाठवलं होतं तिला. जाऊ ओटीवर आली, हात पदराला पुसत, आणि फोन माझ्यापुढे धरला. “वयनी, तुमचीच कंपनी ना ही? भरू का?”

नको कसं म्हणणार? भर म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली. अर्जात एक प्रश्न होता, कंपनीत कुणी नातेवाईक आहे का. “हो लिवू ना?”

“नाही लिही,” मी म्हटलं. “वशिल्याने आली असं म्हणतील. तुझाच कमीपणा होईल.”

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि ‘नाही’ लिहिलं. तिच्या कमीपणाची मला काडीची फिकीर नव्हती. आज घर तिचं, उद्या ऑफिसही तिचं, हे मला सहन होणार नव्हतं. निदान तिथे तरी ती माझी जाऊ म्हणून यायला नको होती. आडनाव एकच असलं तरी कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. आमच्या आडनावाची घरं गिरीजपासून पापडीपर्यंत पोत्याने सापडतील, आणि कंपनीतच सात-आठ जण आहेत, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

तिची निवड झाली. गणपती उठले आणि ती कामाला लागली. पहिल्या दिवशी तिला स्वागताची पिशवी मिळाली, पाण्याची बाटली, वही, छोटं रोपटं. तिला सगळं समजावून द्यायला एक वरिष्ठ बाई नेमली. पहिले दोन महिने अर्धा दिवस, घराशी जमवून घ्यायला. तिच्या मजल्यावर नवी खोली झाली, आतून कडी, आरामखुर्ची, लहान फ्रिज. तान्ही मुलं असलेल्या बायकांसाठी. ती खोली जावेला लागणार नव्हती, पण मी ती बघितली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मोठा तीन महिन्यांचा असताना मी कामावर परतले होते. स्टोअररूममध्ये खोक्यांवर बसून, दाराला स्टूल लावून दूध पिळून टाकायचे मी. एकदा स्टूल सरकलं आणि शिपाई आत आला. तेव्हा कुणी भिंतीवर फोटो लावला नाही. तेव्हा साहेब म्हणाले होते, वेळेची जरा काळजी घ्या.

सकाळी कंपनीची बस पापडी नाक्यावर येते. आम्ही दोघी एकाच घरातून निघायचो, मी आधी, ती पाच मिनिटांनी. बसमध्ये मी पुढे, ती मागे. व्हरांड्यात समोरासमोर आलो की ती मान तुकवून “गुड मॉर्निंग, मॅडम” म्हणायची. तासाभरापूर्वी याच बाईने माझ्या डब्यात भाकरी घातलेली असायची. तिला त्यात गंमत वाटत होती बहुतेक, कारण तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू असायचं. मला गंमत वाटत नव्हती. दोन महिन्यांत प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्या तोंडी तिचं नाव झालं. कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलाभोवती माणसं बसायची. अकरा वर्षांच्या खंडानंतरही तिला कुठल्या मिश्रणात काय बिघडलंय ते वासावरून कळतं, असं तिची वरिष्ठ बाई माझ्यादेखत सांगत होती. मी माझा डबा उघडला. तोही तिनेच केलेला होता.

मग ते शिबिर झालं. त्या मनुष्यबळवाल्या मुलीने सभागृहात चाळीसेक जणांना एका रांगेत उभं केलं आणि म्हणाली, मी एक-एक वाक्य वाचेन, लागू असेल तर एक पाऊल पुढे, नसेल तर एक मागे. कामावरून घरी गेल्यावर तुम्हाला स्वयंपाक तयार मिळतो. पुढे. घरात कुणी आजारी पडलं म्हणून तुम्हाला कधी नोकरी सोडावी लागली नाही. पुढे. मुलाच्या तापात तुम्ही मीटिंग चुकवली नाही. पुढे. मी धडाधड पावलं टाकत होते. शाळेत पहिलं येण्याचा आनंद असतो ना, तोच.

वाक्यं संपली तेव्हा मी सगळ्यात पुढच्या ओळीत होते. डावीकडे आमचे खरेदीप्रमुख, उजवीकडे कारखान्याचे साहेब. ओळीत बाकी सगळे पुरुष. ती मुलगी म्हणाली, आता मागे वळून बघा. वळले. जाऊ पार मागच्या भिंतीला, चहाच्या टेबलाला टेकली होती. मधे एवढी जागा होती की एक टेम्पो निघून जावा. आमची नजरानजर झाली, आणि तिने मला मान तुकवून नमस्कार केला, मॅडमला करतात तसा.

मला कळलं नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की मागे उभं राहणाऱ्यांसाठी आता टाळ्या वाजतील. आणि वाजल्या. पुढे पोचलेल्यांना चहा घ्या म्हणाले.

त्या थंडीत सुकेळी होतील असं मला वाटलं नव्हतं. पण दिराने दिवसा मांडायची-उलटायची जबाबदारी घेतली आणि बांधायला जाऊ संध्याकाळी बसली. शंभरेक पुडकी झाली. मी नेहमीप्रमाणे दहा-बारा पिशवीत घातली आणि ऑफिसात वाटली. एक त्या मनुष्यबळवाल्या मुलीच्या टेबलावरही ठेवलं. तिने ते टोक ओढलं, दोरी सुटली, तिला भारी मजा वाटली. जाऊसुद्धा तिच्या प्रयोगशाळेत पुडकी नेणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वर्षानुवर्षं ती सुकेळी माझीच होती ना.

चार दिवसांनी त्या मुलीने मला बोलावलं. तिच्या टेबलावर दोन दोऱ्या होत्या, शेजारी शेजारी.

“मॅडम, ही तुमची, आणि ही लॅबमधल्या नव्या मॅडमनी मला दिली. दोन्हींची गाठ सेम आहे. त्यांनी सांगितलं, ही त्यांच्या आईची गाठ आहे, बाहेर कुणालाच येत नाही.” तिने कागद पुढे ओढला. “मग मी दोघींचा ॲड्रेस चेक केला. घर नंबर पण सेम आहे.”

मी म्हटलं, “आमच्याकडे गावात बरीच घरं एकाच नंबरात येतात.” हे मी ज्या सराईतपणे बोलले त्याचं मला स्वतःलाच नवल वाटलं.

“मॅडम, रिलेटिव्ह असण्याचा काही प्रॉब्लेम नव्हता. वेगळं डिपार्टमेंट आहे. फक्त लिहायचं होतं.” ती अवघडली होती. “फॉर्मवर खोटं लिहिलं असेल तर मला त्यांना कन्फर्म नाही करता येणार. उद्या त्यांना बोलावलंय.”

संध्याकाळी जाऊ भाजी निवडत ओटीवर बसली होती. मी तिला सांगितलं. ती निवडायची थांबली नाही.

“मी सांगीन उद्या,” ती म्हणाली, “की मीच लपवलं. मना भीती वाटली, वयनींना ठाऊक नाय, असं. तुमची चोवीस वर्षं हायत तिथं. माझे पाच महिने. गेले तर गेले.”

समोर काचेच्या कपाटात माझ्या नऊ ढाली होत्या. मी त्यांच्याकडे बघत बसले. अकरा वर्षांपूर्वी त्या ताटावर ती जे बोलली होती तेच ती पुन्हा बोलत होती, त्याच आवाजात, आणि मी पुन्हा गप्प होते. फरक एवढाच की वाढायला हातात काही नव्हतं. मला तिचा संताप आला. इतका चांगुलपणा दाखवायचं काय अडलंय हिचं? एकदा तरी भांडावं माणसाने. मी उठून आत गेले.

सकाळी मी आधी निघाले नाही. पायरीवर थांबले. ती बाहेर आली तेव्हा म्हटलं, “चल.” आम्ही दोघी नाक्यापर्यंत चालत गेलो आणि बसमध्ये एकाच बाकावर बसलो. आमच्या खरेदी विभागातली एक जण आमच्याकडे टकामका बघत होती. जावेने विचारलं, “तुमी कुठं येता?” मी म्हटलं, “तुझ्याबरोबर.”

त्या मुलीच्या खोलीत जाऊ बोलायला लागली. मॅडम, चूक माझी आहे, मी घाबरून... मी तिला तोडलं. म्हटलं, “मी लिहायला लावलं. ती ‘हो’ लिहीत होती. ही माझी सख्खी जाऊ. आम्ही एका घरात जेवतो.”

“पण का, मॅडम?”

मी कारणं तयार करून आणली होती. वशिला, लोक काय म्हणतील. बाहेर आलं ते वेगळंच. “मला ती इथे नको होती. मला तिचा हेवा वाटतो.”

जावेने माझ्याकडे बघितलं. ती मुलगी लिहायची थांबली. मग तिने, बहुतेक काहीतरी करायचं म्हणून, माझी फाइल कॉम्प्युटरवर उघडली. “तुमचा रेकॉर्ड तर इतका चांगला आहे,” ती म्हणाली, “नऊ वेळा फुल अटेंडन्स.” आणि खाली खाली जात राहिली. मग थांबली आणि पडदा माझ्याकडे वळवला.

माझ्या जुन्या रजा होत्या तिथे. मुलगा आजारी. मुलगा आजारी. सासूबाई हॉस्पिटल. मुलगी आजारी. सासूबाई. ओळीच्या ओळी. मग एका महिन्यात त्या संपत होत्या, आणि पुढे पान जवळजवळ कोरं. त्या मुलीने जावेचा अर्ज शेजारी ठेवला. तिने नोकरी सोडल्याचा महिना तोच होता.

मला कुणी काही समजावून सांगितलं नाही. मी नऊ वर्षं त्या पितळी पत्र्यावर माझं नाव वाचलं होतं. “ढाली तिच्या आहेत,” मी म्हटलं. “त्या परत घ्यायच्या तर घ्या. तिचं काम घेऊ नका.”

असल्या वाक्याने गोष्टी सुटत नाहीत. प्रकरण वर गेलं. माझ्या फाइलमध्ये ताकीद लागली, चोवीस वर्षांतली पहिली. कंपनीच्या महिला समितीवर मी होते, तिथून मला काढलं. जावेची शिकाऊ मुदत तीन महिन्यांनी वाढली, आणि ते तीन महिने ती ज्या भीतीने कामावर गेली ती मी शेजारच्या बाकावरून बघितली. तीन महिन्यांनी ती कायम झाली आणि मग तो फोटो लागला. फोटो काढला त्या दिवशी तिने घरी येऊन विचारलं, “वयनी, खरंच वाटतो हेवा?” हो म्हटलं. “मना पण वाटायचा,” ती म्हणाली, “तुमची बस सुटली की रोज.” आणि कुकर लावायला आत गेली.

यंदाच्या थंडीत राजेळीचे घड एकदम पिकले. दीर गुडघ्याने बेजार, नवरा बँकेत, आणि तिच्या प्रयोगशाळेत बाहेरून तपासणीची माणसं यायची होती. पिकलेली केळी कुणासाठी थांबत नाहीत. जाऊ मोबाइल घेऊन रजा टाकायला बसली. मी तिच्या हातातून तो काढून घेतला आणि माझ्या मोबाइलवरून माझी रजा टाकली, दुसऱ्या दिवसापासून सहा दिवस, एकदम. कारण विचारलं होतं. ‘घरचं काम’ लिहिलं.

सहा दिवस मी केळी सोलली, मांडली, उलटली, झाकली. कंबर धरली. दोन टोपल्या माझ्या हाताने काळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ढग आले तेव्हा मी एकटी धावत होते आणि ऑफिसातून तिचा मेसेज आला, ‘आत घ्या’. बांधताना ती गाठ मला शेवटपर्यंत जमली नाही. माझ्या पुडक्यांना कात्री लागते.

सोमवारी कामावर गेले. लिफ्टशेजारी, तिच्या फोटोच्या खाली, महिन्याच्या पूर्ण हजेरीची यादी लावली होती. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा तिच्यात माझं नाव नव्हतं. तिचं होतं. मी यादी वरून खाली दोनदा वाचली, आणि पोटात दुखायचं ते दुखलंच. मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं, तेव्हा मी बटण दाबायला हात पुढे केला. नखांच्या कडा काळ्या होत्या. रविवारभर लिंबू चोळलं होतं, तरी गेल्या नव्हत्या.